चिलीतले पॅलेस्टिनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिली आणि पॅलेस्टाईन ही दोन नावं एकत्र घेतली की समोरच्याला वाटतं, आपली काहीतरी गल्लत होतेय. एक देश दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, दुसरा भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावर. तरीही अरब जगाबाहेरचा सर्वांत मोठा पॅलेस्टिनी समाज चिलीतच आहे. या विषयावर लिहायला लागल्यापासून वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अवघड होत जातात. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चिलीत खरंच पाच लाख पॅलेस्टिनी राहतात का?

चार ते पाच लाख हा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. अंदाजच, कारण तुमचे पणजोबा कुठल्या गावचे हे जनगणना विचारत नाही. चिलीची लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास आहे, म्हणजे शंभरात दोन-अडीच माणसं.

पण इथे 'पॅलेस्टिनी' म्हणजे कोण, हे आधी समजून घ्यायला हवं. यातले बहुतेक जण चिलीत जन्मलेले, चिलीचे नागरिक, तिसऱ्या-चौथ्या पिढीतले आहेत. त्यांची मातृभाषा स्पॅनिश. कित्येकांची आई किंवा आजी बास्क, इटालियन, नाहीतर साधी चिलीयन. तरी 'तू कोण?' म्हटलं की 'पालेस्तिनो' हे उत्तर येतं. तिकडे एक म्हण आहे: चिलीच्या प्रत्येक गावात एक पाद्री, एक पोलीस आणि एक पॅलेस्टिनी असतोच. गावोगाव पसरलेली ही दुकानदारांची वस्ती लक्षात ठेवा. पुढच्या राजकारणाचं मूळ तिच्यात आहे.

२. हे लोक १९४८ च्या नक्बानंतर, म्हणजे इस्रायलच्या स्थापनेच्या वेळी लाखो पॅलेस्टिनींना घरं सोडावी लागली त्यानंतर, आलेले निर्वासित आहेत ना?

नाही. सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच. बहुतेक कुटुंबं १९०० ते १९३० या काळात आली, इस्रायलची स्थापना होण्याच्या कितीतरी आधी. पहिले काही जण तर १९ व्या शतकाच्या शेवटीच पोचले होते.

तेव्हा पॅलेस्टाईनवर ऑटोमन तुर्कांचं राज्य होतं. निघालेले बहुतेक जण तीन जवळजवळच्या गावांतले: बेथलेहेम, बैत जाला आणि बैत साहूर. बेथलेहेमच्या कारागिरांना परदेश नवा नव्हता. शिंपल्याच्या आणि ऑलिव्हच्या लाकडाच्या जपमाळा, क्रूस, येशूजन्माचे देखावे घेऊन ते १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनापर्यंत जाऊन आले होते. 'पवित्र भूमीतला माल' म्हटलं की ख्रिस्ती देशांत गिऱ्हाईक मिळतं, हे त्यांना कळलं होतं. त्यात १९०९ पासून ऑटोमन सैन्यातली सक्तीची भरती ख्रिस्ती तरुणांनाही लागू झाली. आधी कर भरून सुटता यायचं, ती वाट बंद झाली. घरातला १७-१८ वर्षांचा मुलगा लढाईत मरण्यापेक्षा परदेशी जाऊन कमावलेला बरा, असं आयांना वाटलं. मग पहिलं महायुद्ध आलं आणि दुष्काळ, टोळधाड, भूक यांनी उरलेलं केलं.

निर्वासित म्हणून आलेला एक छोटा गट मात्र आहे. त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

३. पण इतक्या लांब चिलीच का गाठलं?

सुरुवातीला चिली कुणी मुद्दाम निवडला नव्हता. लोक 'अमेरिके'ला निघायचे. जहाज मार्सेय किंवा जेनोआमार्गे ब्युनोस आयर्सला लागायचं. तिथे आधीच आलेल्या व्यापाऱ्यांची गर्दी होती. काही जण पुढे मेंदोसापर्यंत गेले आणि तिथून खेचरांवर बसून अँडीज पर्वत ओलांडला. १९१० मध्ये डोंगरातून आरपार रेल्वे सुरू झाली आणि तो जीवघेणा प्रवास सोपा झाला.

एकदा एकाचं बस्तान बसलं की तो भावाला बोलवायचा, भाऊ मेव्हण्याला, मेव्हणा पुतण्याला. गिरणीच्या दिवसांत एका खोलीत अख्खी वाडी कशी मुंबईला आली, हे कोकणात वेगळं सांगावं लागत नाही, तोच प्रकार. बैत जालातली घराणीच्या घराणी अशीच सांतियागोत येऊन पोचली. वर चिलीच्या मध्य भागातलं हवामान ओळखीचं निघालं. द्राक्षं, ऑलिव्ह, अंजीर, कोरडा उन्हाळा, हिवाळी पाऊस.

४. त्यांना 'तुर्को' का म्हणतात? ते तर तुर्क नाहीत.

हातातला पासपोर्ट ऑटोमन साम्राज्याचा होता, म्हणून बंदरावरच्या कारकुनाने 'तुर्को' लिहिलं. ज्या सत्तेपासून पळून आले तिचंच नाव कपाळी बसलं. पुढे तो शब्द हिणवायला वापरला जाऊ लागला. युरोपातून येणाऱ्यांसाठी चिलीचं सरकार पायघड्या घालत होतं. या लोकांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि वर्तमानपत्रांतून त्यांच्याविरुद्ध विखारी मजकूर छापून येत होता.

ते पेटी खांद्याला लावून खेडोपाडी हिंडायचे. सुया, दोरे, बटणं, कंगवे, लेस, जपमाळा. अशा फेरीवाल्याला चिलीत 'फाल्ते' म्हणत. 'काही कमी आहे का?' या अर्थाच्या आरोळीतलं क्रियापदच त्याचं नाव झालं. उधारीवर माल द्यायचा, आठवड्याने हप्ता घ्यायला परत यायचं, त्या निमित्ताने घराघरातली माणसं ओळखीची करायची, ही त्यांची रीत.

नावंही बदलली. हन्नाचा हुआन झाला, जिर्यिसचा होर्हे, युसूफचा होसे. आडनावं स्पॅनिश कानाला जशी ऐकू आली तशी लिहिली गेली: शहवानचं चाउआन झालं. आपसात मात्र ते एकमेकांना 'पाइसानो', म्हणजे गाववाले, म्हणत. अरबीत 'प' नाही, त्यामुळे जुन्या माणसांच्या तोंडी त्याचं 'बाइसानो' व्हायचं. लोक त्या उच्चाराची टिंगल करायचे. आज पालेस्तिनो क्लबच्या कडव्या समर्थकांच्या गटाचं नावच 'लोस बाइसानोस' आहे. टिंगलीचा शब्द उचलून त्याचा झेंडा करणं मला फार भावतं.

५. हे मुस्लिम आहेत की ख्रिस्ती?

बहुसंख्य ख्रिस्ती, मुळात ऑर्थोडॉक्स पंथाचे. सांतियागोत सेंट जॉर्जचं ऑर्थोडॉक्स चर्च १९१७ पासून आहे. पॅलेस्टाईनमध्ये त्यांचं धर्मपीठ जेरुसलेमचं होतं, तर चिलीतलं चर्च अँटिऑकच्या पीठाखाली येतं, कारण सीरियन आणि लेबनीज ऑर्थोडॉक्सही त्यांच्यासोबत होते. पुढे लग्नसंबंधांतून कित्येक घरं कॅथलिक झाली. मुस्लिम कुटुंबंही आहेत, पण थोडी.

६. फेरीवाल्यांचे बँकवाले कसे झाले?

पेटीतून दुकान, दुकानातून कारखाना. सांतियागोत मापोचो नदीच्या उत्तरेला, रेकोलेता भागात पात्रोनातो नावाची पेठ आहे. भाडं स्वस्त, नदीपलीकडची म्हणून प्रतिष्ठा कमी. तिथे खाली कापडाचं दुकान, वर बिऱ्हाड, अशा रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. आज तिथे कोरियन आणि चिनी दुकानदारही मोठ्या संख्येने आहेत, पण शावर्माचा वास अजून तोच आहे.

१९२९ च्या मंदीनंतर चिलीने आयात आवळली आणि देशातच कापड विणणाऱ्याला संधी आली. बेथलेहेमचे हुआन यारूर आधी बोलिव्हियात गिरणी चालवत होते. ते सांतियागोला आले आणि १९३० च्या दशकात त्यांची सुती कापडाची गिरणी देशातली सर्वांत मोठी ठरली. १९३७ मध्ये त्यांनी स्थापन केलेली पतपुरवठा आणि गुंतवणुकीची बँक आज 'बेसेई' या आद्याक्षरांनी ओळखली जाते, चिलीतल्या मोठ्या बँकांपैकी एक. सुमार, हिर्मास, साईद ही घराणी त्याच वाटेने गेली.

याला दुसरी बाजू आहे. एप्रिल १९७१ मध्ये, सालवादोर आयेंदेंच्या समाजवादी राजवटीत, यारूर गिरणीच्या कामगारांनी गिरणी ताब्यात घेतली आणि सरकारला तिचं राष्ट्रीयीकरण करायला लावलं. मालक पॅलेस्टिनी, कामगार चिलीयन, आणि कामाचा जाच खरा होता. स्थलांतरितांच्या यशाच्या गोष्टी सांगताना हे पान गाळू नये. १९७३ च्या लष्करी उठावानंतर गिरण्या मालकांना परत मिळाल्या, पण उठावानंतर आलेल्या जनरल पिनोशेंच्या राजवटीने आयात खुली केली आणि कापडधंदा कोलमडला. ज्यांच्याकडे भांडवल होतं ते बँका, मॉल, जमीनजुमला यांकडे वळले.

७. पालेस्तिनो हा फुटबॉल क्लब इतका महत्त्वाचा का?

सगळ्या प्रश्नांत माझा आवडता हा.

क्लबची स्थापना २० ऑगस्ट १९२०. तारखेकडे नीट पाहा. त्याच वर्षी १ जुलैला पॅलेस्टाईनमध्ये ब्रिटिशांचं मुलकी प्रशासन सुरू झालं होतं. म्हणजे इंग्रज अधिकारी जेरुसलेममध्ये खुर्ची मांडत होते, तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला काही पोरं पांढरा, हिरवा, लाल, काळा शर्ट घालून त्या देशाच्या नावाने चेंडू खेळत होती. ज्यांना सगळे 'तुर्को' म्हणत होते त्यांनी स्वतःसाठी 'पालेस्तिनो' हे नाव निवडलं. 'पॅलेस्टिनी अशी ओळखच मुळात नव्हती' असं कुणी म्हणालं की मी ही तारीख पुढे करते.

१९५२ मध्ये क्लब व्यावसायिक फुटबॉलमध्ये उतरला आणि १९५५ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला. दुसरं विजेतेपद १९७८ चं. कर्णधार होता एलियास फिगेरोआ, सलग तीन वर्षं दक्षिण अमेरिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला बचावपटू. तो स्वतः पॅलेस्टिनी नव्हता. क्लबात कधीच अशी अट नव्हती. १९७७-७८ मध्ये हा संघ ४४ सामने हरला नाही आणि चिलीतला तो विक्रम आजही सांगितला जातो. २०१८ मध्ये चिली चषकाच्या अंतिम फेरीत त्यांनी औदाक्स इतालियानोला हरवलं. तो इटालियन स्थलांतरितांनी काढलेला क्लब. स्पॅनिश लोकांचा उनियोन एस्पान्योला तिसरा. या तिघांतल्या सामन्यांना 'वसाहतींचे सामने' म्हणतात.

घरचं मैदान दक्षिण सांतियागोतल्या ला सिस्तेर्ना भागातलं, लहानसं. प्रेक्षक काही हजार. पण क्लबचं ब्रीद आहे 'संघाहून अधिक, एक अख्खी जनता', आणि ते शब्दशः खरं आहे. रामल्लात, बेथलेहेममध्ये, लेबनॉनच्या छावण्यांत या संघाचे निकाल पाहिले जातात. काही वर्षं बँक ऑफ पॅलेस्टाईन शर्टावर झळकत होती. मे २०२१ मध्ये कोलो-कोलोविरुद्धच्या सामन्याआधी खेळाडू गळ्यात कुफिया, म्हणजे पॅलेस्टिनी चौकटीचा रुमाल, घालून उतरले. गाझाच्या युद्धाच्या काळात एका सामन्याला ते मैदानात आले तेव्हा प्रत्येकाचा एक हात बाजूला, जरा खाली धरलेला होता. फुटबॉलपटू लहान मुलांचा हात धरून मैदानात येतात तसा. फक्त त्या हातांत मुलं नव्हती. मी ते दृश्य पाहिलं आणि बराच वेळ दुसरं काही करू शकले नाही.

८. शर्टावरच्या नकाशाचा वाद काय होता?

जानेवारी २०१४. क्लबच्या नव्या शर्टावर पाठीवरच्या क्रमांकातला '१' हा आकडा १९४८ पूर्वीच्या पॅलेस्टाईनच्या नकाशाच्या आकाराचा केला होता. उंच, बारीक, खाली निमुळता. ११ क्रमांकाच्या खेळाडूच्या पाठीवर दोन नकाशे शेजारी शेजारी.

चिलीतल्या ज्यू संघटनांनी आणि एका प्रतिस्पर्धी क्लबच्या प्रमुखांनी हरकत घेतली: या नकाशात इस्रायल कुठे आहे? चिलीच्या फुटबॉल संघटनेने क्लबला सुमारे १,३०० डॉलर दंड केला आणि तो आकडा वापरायला मनाई केली. नकाशा मग आकड्यातून निघून शर्टावर दुसऱ्या जागी आला. मनाईमुळे त्या शर्टाची मागणी जगभर उसळली.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंच्या भावना समजण्यासारख्या आहेत, पण त्या सारख्या वजनाच्या नाहीत. ज्याच्या आजोबांचं घर त्या नकाशात होतं त्याने तो पाठीवर वागवणं म्हणजे कुणाला पुसून टाकणं, असं मला वाटत नाही. शेजारी राहणाऱ्या ज्यू माणसाला मात्र ते तसं वाटू शकतं, हेही मी नाकारत नाही. प्रश्न १३ मध्ये याबद्दल आणखी आहे.

९. चिलीत जन्मलेले खेळाडू पॅलेस्टाईनकडून कसे खेळतात?

फिफाने पॅलेस्टाईनला १९९८ मध्ये सदस्य केलं. आई-वडील किंवा आजी-आजोबा तिथे जन्मलेले असतील आणि त्या देशाचं नागरिकत्व मान्य झालं, तर खेळाडू पात्र ठरू शकतो. २००२ मध्ये चिलीचे निकोला हादवा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी सांतियागोतून खेळाडू नेले. रोबेर्तो बिशारा, रोबेर्तो केत्लून, एदगार्दो अब्दाला ही त्यातली नावं. फेब्रुवारी २००४ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत या संघाने चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) ८-० ने हरवलं. हा पॅलेस्टाईनचा 'घरचा' सामना होता, पण खेळला गेला दोहात, कारण घरी खेळणं शक्य नव्हतं. गाझाच्या खेळाडूंना अरबी येत होतं, चिलीच्यांना स्पॅनिश. मैदानावर एकमेकांना हाका मारायच्या कुठल्या भाषेत, इथूनच सुरुवात होती.

१०. राजकारणात हा समाज डावा की उजवा?

दोन्ही. ज्यांना 'पॅलेस्टाईन म्हणजे डाव्यांचा विषय' असं वाटतं त्यांनी चिली पाहावा.

डावीकडे दानिएल हादुए. वास्तुविशारद, कम्युनिस्ट, २०१२ पासून बारा वर्षं रेकोलेताचे महापौर, म्हणजे पात्रोनातो ज्या भागात आहे तिथलेच. २०१५ मध्ये त्यांनी पालिकेचं स्वस्त औषधांचं दुकान काढलं आणि ती कल्पना चिलीभर उचलली गेली. २०२१ मध्ये डाव्या आघाडीच्या उमेदवारीसाठी ते पुढे अध्यक्ष झालेले गाब्रिएल बोरिक यांच्याशी लढले आणि हरले. उजवीकडे फ्रान्सिस्को चाउआन, वाल्पाराइसोचे सिनेटर आणि उजव्या राष्ट्रीय पुनरुज्जीवन पक्षाचे अध्यक्ष राहिलेले. मधे एउहेनियो तुमा, मध्यम-डावीकडचे, दक्षिणेतल्या आराउकानियाचे. कर, निवृत्तिवेतन, गर्भपात या विषयांवर यांचं एकमत होणार नाही. पॅलेस्टाईनवरचा ठराव आला की सह्या एकाच कागदावर.

मतपेढी म्हणावी इतका हा समाज एका जागी नाही. तो पसरलेला आहे, आणि त्याचं बळ तिथेच आहे. दर मतदारसंघात पाच-पंचवीस घरं, एखादा दुकानदार, एखादा डॉक्टर, एखादा माजी नगरसेवक. त्यामुळे संसदेतल्या चिली-पॅलेस्टाईन मैत्री गटात सगळ्या पक्षांचे लोक येतात, त्यांतल्या बहुतेकांचा पॅलेस्टाईनशी रक्ताचा संबंध नसतो. वर श्रीमंत घराण्यांचा पैसा आणि ओळखी आहेतच, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पिनोशेच्या काळात हाच समाज दुभंगला होता. गिरणीमालकांपैकी अनेकांना लष्करी राजवट हवीशी होती. चित्रपट दिग्दर्शक मिगेल लितीन यांच्यासारख्यांना मात्र देश सोडून पळावं लागलं.

११. भारताने १९८८ मध्येच पॅलेस्टाईनला मान्यता दिली. इतका मोठा समाज असून चिली २०११ पर्यंत का थांबला?

हा प्रश्न मराठी वाचकच विचारतात आणि तो रास्त आहे.

आधी १९४७. संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव आला तेव्हा भारताने विरोधात मत दिलं, चिली तटस्थ राहिला. त्या तटस्थतेमागे चिलीतल्या अरब समाजाचा अध्यक्षांवरचा दबाव होता, असं मानलं जातं. म्हणजे दुकानदारांचा हा समाज तेव्हाच परराष्ट्र धोरणाला हात घालत होता.

पुढे १९७३ ते १९९० पिनोशेची राजवट. १९७६ मध्ये अमेरिकेने शस्त्रपुरवठा रोखल्यावर चिलीच्या सैन्याने इस्रायलकडून शस्त्रं घ्यायला सुरुवात केली. भारताने १९८८ मध्ये मान्यता दिली तेव्हा चिलीत लष्कराचंच राज्य होतं. लोकशाही परतल्यावर १९९० च्या दशकात संबंध जुळले. डिसेंबर २०१० मध्ये ब्राझील आणि अर्जेंटिनाने मान्यता दिली, आणि ७ जानेवारी २०११ ला चिलीने. तेव्हाचे अध्यक्ष सेबास्तियान पिन्येरा उजव्या पक्षाचे होते. ब्राझील-अर्जेंटिनाने १९६७ च्या सीमांचा उल्लेख केला, चिलीने सीमांबद्दल मौन पाळलं. समाजातल्या अनेकांना ते खटकलं. मार्च २०११ मध्ये पिन्येरा स्वतः पॅलेस्टाईनला जाऊन आले.

१२. २०२२ नंतर चिलीने जे केलं ते या समाजामुळेच का?

काय केलं ते आधी पाहू. सप्टेंबर २०२२ मध्ये अध्यक्ष बोरिक यांनी इस्रायलच्या नव्या राजदूताची अधिकारपत्रं स्वीकारणं ऐनवेळी पुढे ढकललं, त्याच दिवशी एक पॅलेस्टिनी किशोर मारला गेला म्हणून. ३१ ऑक्टोबर २०२३ ला चिलीने आपला राजदूत सल्लामसलतीसाठी माघारी बोलावला. जानेवारी २०२४ मध्ये मेक्सिकोसोबत गाझाच्या युद्धाचं प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेलं. मार्चमध्ये सांतियागोच्या हवाई आणि संरक्षण प्रदर्शनातून इस्रायली कंपन्यांना वगळलं. १ जून २०२४ च्या वार्षिक भाषणात बोरिक यांनी आंतरराष्ट्रीय न्यायालयात इस्रायलवर गाझातल्या वंशसंहाराचा आरोप करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या खटल्यात सामील होण्याची घोषणा केली आणि सप्टेंबरमध्ये तसा अर्ज हेगला गेला.

बोरिक क्रोएशियन वंशाचे आहेत आणि ही त्यांची स्वतःची जुनी भूमिका आहे. त्यामुळे 'समाजाने करून घेतलं' म्हणणं अति होईल. पण अशी पावलं उचलणाऱ्या अध्यक्षाला देशात पाठ थोपटणारे मिळतात आणि विरोधकांतही सहानुभूती असलेले निघतात. ही जमीन शंभर वर्षांत तयार झालेली आहे.

१३. चिलीतल्या ज्यू लोकांशी त्यांचे संबंध कसे आहेत?

ज्यू समाज लहान आहे, साधारण १५ ते २० हजारांचा. कित्येक दशकं दोन्ही समाज एकाच बाजारात शेजारी होते. दोघेही परके, दोघेही कापडात, दोघांनाही वरच्या वर्गाने नाक मुरडलेलं. भागीदाऱ्या होत्या, मैत्री होती, लग्नंही झाली.

आता ताण आहे. गाझातल्या प्रत्येक युद्धासोबत तो वाढतो. इस्रायलवरच्या रागाचा भुर्दंड आपल्याला बसतो, ही ज्यू चिलीयनांची तक्रार आहे, आणि जिथे तसं होतं तिथे ते चूकच आहे. सांतियागोतला ज्यू दुकानदार गाझातल्या बॉम्बला जबाबदार नाही. पॅलेस्टिनी समाजातल्या जबाबदार माणसांनी हे वेळोवेळी सांगितलं आहे, आणि ते दर वेळी मोठ्याने सांगावं लागेल.

१४. एखादं शहर स्वतःच इस्रायलवर बहिष्कार घालू शकतं का?

दक्षिणेतल्या वाल्दिव्हिया शहराने २०१८ मध्ये तसा प्रयत्न केला. पॅलेस्टिनी भूमीवरच्या इस्रायली कब्जातून फायदा घेणाऱ्या कंपन्यांशी पालिका करार करणार नाही, असं ठरवलं. देशाच्या महालेखा नियंत्रकांनी तो निर्णय बेकायदा ठरवला: परराष्ट्र संबंध हा राष्ट्राध्यक्षांचा अधिकार, पालिकेचा नव्हे. समाजाच्या प्रभावाची मर्यादा इथे दिसते. दुसरी मर्यादा शस्त्रांची. इतका मोठा पॅलेस्टिनी समाज असलेल्या देशाच्या सैन्याकडे दशकानुदशकं इस्रायली सामग्री येत राहिली, आणि ती साखळी एका भाषणाने तुटत नाही.

१५. मग चिलीत पॅलेस्टिनी निर्वासित कधी आलेच नाहीत का?

आले. २००८ मध्ये, ११७ जण. हे पॅलेस्टिनी इराकमध्ये राहत होते. सद्दामच्या पाडावानंतर तिथून हुसकले गेले आणि सीरियाच्या सीमेवर अल-तन्फच्या वाळवंटी छावणीत अडकून पडले. चिलीने त्यांना आणून सांतियागो, ला कालेरा, सान फेलिपे अशा ठिकाणी वसवलं. हे बहुतेक मुस्लिम, अरबी बोलणारे, रिकाम्या हातांनी आलेले. स्वागत करणारे ख्रिस्ती, स्पॅनिश बोलणारे, सुस्थितीतले. दोघांचं राष्ट्रीयत्व एक, पण मधे शंभर वर्षांचं अंतर. मदत भरपूर झाली, तरी नोकरी, भाषा, घरभाडं यांची झुंज त्यांची त्यांनाच द्यावी लागली.

१६. नवी पिढी अरबी बोलते का? संस्कृती म्हणून काय उरलंय?

बोलता येणारे थोडे. पहिल्या पिढीनेच मुलांना शाळेत टोमणे बसू नयेत म्हणून घरात स्पॅनिश धरली. सांतियागोत अरब शाळा आहे, चिली विद्यापीठात अरब अभ्यासाचं केंद्र आहे, पण घरची भाषा गेली ती गेली.

स्वयंपाकघर मात्र टिकलं. द्राक्षाचं पान नसा वर येतील असं उलटं ठेवायचं, देठाकडे चमचाभर तांदूळ-खिमा, दोन्ही कडा आत, आणि करंगळीएवढी घट्ट गुंडाळी. अशा शे-दीडशे गुंडाळ्या पातेल्यात एकावर एक रचून वर ताटली दाबून शिजवायच्या. हे काम एकटीचं नाहीच. चार बायका टेबलाभोवती बसतात, आणि गावाच्या, नात्यांच्या गोष्टी तिथेच पुढच्या पिढीला मिळतात.

साहित्यात दियामेला एल्तित यांचं नाव मोठं. बैत जालातून आलेल्या कुटुंबातल्या या लेखिकेला २०१८ मध्ये चिलीचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार मिळाला. नाझरेथमध्ये जन्मलेली पॅलेस्टिनी-चिलीयन गायिका एल्याना २०२३ मध्ये कोचेला महोत्सवात पूर्ण कार्यक्रम अरबीत गायली.

१७. एल साल्वादोरचे अध्यक्ष बुकेलेही पॅलेस्टिनी वंशाचे आहेत ना? मग त्यांची भूमिका वेगळी कशी?

हो, वंश तोच. मध्य अमेरिकेत पॅलेस्टिनी वंशाचे लोक सर्वोच्च पदापर्यंत पोचले: होंडुरासमध्ये कार्लोस फ्लोरेस, बेलीझमध्ये पंतप्रधान सईद मुसा, एल साल्वादोरमध्ये आंतोनियो साका. २००४ च्या निवडणुकीत साकांच्या विरोधात उभे असलेले डावे शाफिक हान्दालही बेथलेहेमच्याच मुळांचे. चिलीत अजून एकही पॅलेस्टिनी वंशाचा अध्यक्ष झालेला नाही. तरीही पॅलेस्टाईनच्या बाजूने सर्वांत सातत्याने उभा राहिलेला समाज चिलीतला.

आडनावातून धोरण निघत नाही. चिलीत क्लब आहे, शाळा आहे, विद्यार्थी संघटना आहे, महासंघ आहे, आणि दर आठवड्याला खेळाच्या पानावर छापून येणारं एक नाव आहे. एखादा अध्यक्ष पाच वर्षांनी जातो, लीगमधला संघ पुढच्या रविवारी परत खेळतो.

१८. या लोकांना पॅलेस्टाईनला परत जाता येतं का?

पर्यटक म्हणून, इस्रायलने सोडलं तर. वेस्ट बँकेत शिरायचे सगळे मार्ग इस्रायलच्या ताब्यात आहेत: तेल अवीवचा विमानतळ किंवा जॉर्डनकडून अॅलेनबी पूल. कायमचं राहायला जायचं तर ओळखपत्र लागतं, आणि त्या नोंदवहीवरही इस्रायलचं नियंत्रण आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत ते निर्वासितही नाहीत, कारण ते १९४८ च्या आधी निघाले होते. त्यांचं दार त्याआधीच बंद झालं होतं. ऑटोमन साम्राज्य संपल्यावर ब्रिटिशांनी १९२५ मध्ये पॅलेस्टिनी नागरिकत्वाचा आदेश काढला. परदेशात असलेल्यांनी अर्ज करायचा होता, पण अटी आणि मुदती अशा होत्या की लॅटिन अमेरिकेतून गेलेले बहुतेक अर्ज फेटाळले गेले. चार पैसे कमावून गावी घर बांधायचं म्हणून आलेली माणसं एका कागदाने कायमची परदेशी झाली. काहींनी बेथलेहेममध्ये घरं बांधलीही होती.

आज त्यांची पतवंडं पुलावर रांगेत उभी राहतात. पासपोर्ट चिलीचा, भाषा स्पॅनिश, आडनाव बैत जालाचं. खिडकीमागून विचारलं जातं: वडिलांचं नाव? आजोबांचं नाव? मग बाजूला बसायला सांगतात, कधी तासभर, कधी दिवसभर.